ओली लादी, कोरडी लादी: एका बाथरूमचे दिवे आणि फिनिश कसे ठरले

पार्श्वभूमी

पुण्यातल्या १९९४ सालच्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात चौघं: ७४ वर्षांच्या आजी, मुलगा, सून आणि आठवीतली नात. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, मापं मात्र जशीच्या तशी आहेत.

बाथरूम ५ फूट बाय साडेसात फूट. दार लांब भिंतीत, समोर बेसिन, डाव्या टोकाला कमोड, उजव्या टोकाला अंघोळीची जागा आणि तिच्या वर डक्टमध्ये उघडणारा झरोका. वर माळा असल्यामुळे उंची फक्त ७ फूट ३ इंच. उजेडासाठी दारावर २० वॉटची एकच एलईडी पट्टी, ६५०० केल्विनची, म्हणजे ज्याला आपण सरसकट 'पांढरा दिवा' म्हणतो ती. गीझर मध्ये येत असल्यामुळे अंघोळीच्या कोपऱ्यात त्याची सावली. मोबाइलच्या लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) ॲपवर त्या कोपऱ्यात जमिनीपाशी साठच्या आसपास आकडा यायचा. ॲप काही प्रयोगशाळेचं यंत्र नव्हे, पण आधी-नंतरची तुलना करायला चालतं.

पाणी महापालिकेचं आणि बोअरचं मिसळून, उन्हाळ्यात टँकर. पाणी तपासायच्या कागदी पट्टीने पाहिल्यावर कडकपणा (विरघळलेल्या क्षारांचं माप) लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर निघाला. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात २०० ही इष्ट आणि ६०० ही दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची मर्यादा आहे. म्हणजे हे पाणी मधलं, पण नळावर पांढरे डाग पाडायला भरपूर.

बाथरूम कोण कसं वापरतं हे आधी लिहून काढलं गेलं, आणि त्या अर्ध्या पानाचा पुढे फार उपयोग झाला. आजी स्टूलवर बसून बादली-तांब्याने अंघोळ करतात, रात्रीतून दोन-तीनदा उठतात. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, दुसऱ्याचं बाकी. सून सकाळी सव्वासातला आरशासमोर तयार होते. शॉवर वापरते ती एकटी नात.

पहिली निवड आणि तिच्यातली अडचण

मुलगा आणि सून शोरूममध्ये जाऊन निवड करून आले होते: जमिनीला ६०० बाय ६०० मिलिमीटरची गडद राखाडी, संगमरवरी रेघांची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, भिंतींना पांढरी चकचकीत, सगळे नळ काळे मॅट, आणि कडेने उजळणारा एलईडी आरसा. दिवे 'शेवटी बघू' या खात्यात. ॲडव्हान्स द्यायच्या आधी आजींना दाखवायला म्हणून दुसरी फेरी झाली. मांडून ठेवलेल्या बाथरूमच्या उंबऱ्याशी आजी थबकल्या आणि मुलाला म्हणाल्या, "इथे पाणी सांडलंय का रे?"

लादी कोरडी होती. वरच्या दिव्याचं प्रतिबिंब चकचकीत पृष्ठभागावर डबक्यासारखं दिसत होतं.

सगळं प्रकरण या एका प्रश्नावर फिरलं. चकचकीत लादी घसरते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ओली आणि कोरडी लादी ओळखू न येणं हा धोका वेगळा, आणि तो लादी आणि दिवा या दोघांनी मिळून तयार केलेला असतो. कोरड्या लादीला ओली समजून माणूस पाऊल चोरतो, आणि चार दिवसांनी खरोखर ओली असते तेव्हा 'दिव्याचाच खेळ असेल' म्हणून बिनधास्त पाऊल टाकतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि बाहुली आक्रसते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यामुळे उजेड वाढवायचा, आणि तरी तो थेट किंवा लादीवरून परत डोळ्यात मारू द्यायचा नाही, असं दुहेरी काम होतं.

गडद टाइलने दुसरा घोटाळा होणार होता तो हिशेबाचा. खोलीचं क्षेत्रफळ ३.५ चौरस मीटर. सरासरी २५० लक्स हवे तर जमिनीपाशी साधारण ८७० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) पोचायला हवेत. फिक्या भिंती-लादीच्या लहान खोलीत दिव्यातून निघालेल्या उजेडाचा अंदाजे निम्मा कामाला येतो, म्हणजे साडेसतराशे ल्युमेनचे दिवे. लादी आणि भिंतीचा मोठा भाग गडद केला की तो वाटा ३५-४० टक्क्यांवर येतो आणि तेवढ्याच उजेडासाठी २,३०० च्या आसपास ल्युमेन लागतात. शोरूममध्ये हे कळत नाही, कारण तिथे गरजेच्या कितीतरी पट दिवे लावलेले असतात.

लादी: विचारात घेतलेले पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय जुनी लादी ठेवून तिच्यावर अँटी-स्किड रसायन मारून घेण्याचा. ते पृष्ठभाग अगदी बारीक खरवडतं आणि काही काळ उपयोगी पडतं, पण साबणाचा थर बसत गेला की परिणाम कमी होतो आणि पुन्हा लावावं लागतं. शिवाय तीस वर्षं जुने जीआय (जस्ताचा लेप दिलेले लोखंडी) पाइप भिंतीत होतेच. ते बदलून सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिकचे) करायचे तर भिंती फोडणं टळत नव्हतं. जुन्या लादीवर नवी चिकटवण्याचा पर्यायही याच कारणाने मागे पडला, आणि त्यात जमीन अर्धा-पाऊण इंच वर येऊन दाराशी उंबरा तयार झाला असता.

सगळं उकरायचं ठरल्यावर प्रश्न उरला घसरण-रोधाचा. कॅटलॉगमध्ये आर ९ ते आर १३ असा आकडा असतो. ही जर्मन डीआयएन ५११३० चाचणी: तेल टाकलेल्या फळीवर बूट घातलेला माणूस चालवतात, फळी तिरपी करत नेतात आणि किती कोनाला तो घसरतो ते बघतात. अनवाणी पायांची, साबणपाण्याची चाचणी वेगळी, डीआयएन ५१०९७, तिच्यात ए, बी, सी असे वर्ग. बाथरूमला खरं तर हीच लागू आणि शॉवरच्या जागेला 'बी' हवा, पण आपल्याकडच्या कॅटलॉगमध्ये हा वर्ग क्वचित छापलेला असतो. विक्रेत्याने 'मॅट आहे म्हणजे अँटी-स्किडच' असं सांगितलं तर मान डोलवू नये. मॅट हे दिसण्याचं वर्णन आहे. मॅट टाइल आर ९ ची असू शकते, आणि आर ९ हा त्या मोजपट्टीचा सगळ्यात खालचा आकडा.

इथे एक घरगुती गोष्ट कामी आली. दिवाळीला आणि एरवीही महिन्या-दोन महिन्यांनी या घरात तेल लावून अंघोळ होते. तेव्हा तेलावर घेतलेल्या चाचणीचा आकडा इतका काही परका नव्हता. आर १० आणि आर ११ चे दोन-दोन नमुने घरी आणले, जुन्या बाथरूममध्ये ओल्या सिमेंटच्या पट्ट्यावर टेकवले, त्यांच्यावर खोबरेल आणि साबणाचं पाणी ओतलं आणि मुलाने दाराची चौकट धरून अनवाणी पाय घासून पाहिले. आर १० चा एक नमुना सटकला, दुसरा धरून राहिला. म्हणजे एकाच आकड्याच्या दोन टाइलमध्येही फरक पडतो. आर ११ चे दोन्ही धरून राहिले, मात्र एकाचा पोत इतका खरखरीत होता की उटणं त्यात अडकून बसलं आणि ब्रशनेही निघेना. दुसरा, बारीक रवाळ पोताचा, निवडला गेला. रंग मध्यम राखाडी, माप ३०० बाय ३००.

मापाचं कारण ढाळ. नहाणी ट्रॅप उजव्या टोकाच्या कोपऱ्यात. अंघोळीच्या ३ फुटांत ६० ला १ असा ढाळ धरला तर १५ मिलिमीटर, उरलेल्या साडेचार फुटांत १०० ला १ धरला तर १४, एकूण साधारण सव्वा इंच. ६०० ची टाइल दोन दिशांना एकदम वाकत नाही. ती तिरकी कापावी लागते, नाहीतर मिस्त्री ढाळ कमी करून वेळ मारून नेतो आणि स्टूलभोवती पाणी साचतं. लहान टाइल ढाळाबरोबर वळते आणि सांधे जास्त असल्यामुळे पायालाही पकड मिळते.

काचेच्या पार्टिशनवर घरात बरीच चर्चा झाली. नातीला हवं होतं. पण बादली-तांब्याच्या अंघोळीला हात चौफेर फिरतो, शेजारी मदतीला उभं राहायला जागा लागते, आणि या पाण्यात रोज वायपर फिरवला नाही तर महिन्याभरात काच दुधाळ होते. पार्टिशन रद्द झालं. त्याजागी उंबरा किंवा पायरीही केली नाही, सगळी जमीन एकसंध ढाळाची.

भिंती, उठाव आणि नळ

भिंतींना पांढरा चकचकीत सोडून हस्तिदंती सॅटिन (मंद चमकीचं) फिनिश, ३०० बाय ६००, ७ फुटांपर्यंत. नमुना घरी बघताना आजी एकेक डोळा झाकून म्हणाल्या, "या डोळ्याने पांढरी दिसते, त्या डोळ्याने पिवळी." मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला पांढरा-निळा स्वच्छ दिसतो, दुसरा अजून पिवळ्या भिंगातून बघतो. त्यामुळे रंगछटेवर घोळ न घालता उजळ-गडद यांच्या फरकावर लक्ष द्यायचं ठरलं.

पांढरा कमोड पांढऱ्या भिंतीसमोर कमजोर नजरेला नीट उठून दिसत नाही. ब्रिटिश मानकं अशा ठिकाणी दोन पृष्ठभागांच्या प्रकाश-परावर्तनात निदान ३० अंकांचा फरक सुचवतात. आपल्याकडच्या डब्यांवर हा आकडा बहुधा नसतो. त्यावर साधी युक्ती: दोन्ही नमुने शेजारी ठेवून एकाच चौकटीत फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करायचा. दोन राखाडी छटा एकमेकींत मिसळल्या तर फरक अपुरा. वेगवेगळे फोटो काढून तुलना करू नये, कारण मोबाइल प्रत्येक फोटोचा उजळपणा स्वतःच बदलतो. या कसोटीवर मूळ पसंतीचा फिका राखाडी नापास झाला आणि गडद निळसर राखाडी पास. तो कमोडच्या मागच्या ५ फूट भिंतीवर आणि कोपऱ्यातून वळून बाजूच्या ४ फुटांवर, ४ फूट उंचीपर्यंत लावला. बाजूला वळवण्याचं कारण तिथला स्टीलचा आधार-दांडा. हस्तिदंती भिंतीवर ब्रश फिनिशचा दांडा हरवला असता.

मोजणी अशी: चारही भिंतींची लांबी २५ फूट, उंची ७, म्हणजे १७५ चौरस फूट. दाराचे साडेसतरा आणि झरोक्याचे ३ वजा केले की १५४.५. त्यातले ३६ गडद, ११८.५ हस्तिदंती. १० टक्के तुटफूट धरून आणि डब्यात ६ टाइल, म्हणजे ११.६ चौरस फूट, या हिशेबाने हस्तिदंती १२ डबे आणि गडद ४. जमिनीचे ३७.५ चौरस फूट, तिरक्या कापांमुळे १५ टक्के जास्त धरून ४३. सगळे डबे एकाच वेळी, डब्यावरचा शेड नंबर आणि बॅच नंबर जुळवून. मागाहून आणलेला एक डबा अर्ध्या छटेने वेगळा निघतो आणि तो नेमका आरशाशेजारी लागतो.

काळ्या मॅट नळांचा मोह सुनेला सोडवत नव्हता. दुकानदाराने जुना डिस्प्लेचा नळ आठवडाभर दिला. रोज त्यावर घरातलं पाणी शिंपडून वाळू दिलं. चौथ्या दिवशी नळावर पांढरी भौगोलिक नकाशासारखी कडं दिसू लागली. काळ्या रंगावर क्षार जास्त उठून दिसतात आणि घासले तर साध्या रंगलेपाचं मॅटपण जातं. पीव्हीडी (निर्वातात धातूची वाफ बसवून दिलेला) लेप जास्त टणक असतो, पण डाग त्यावरही दिसतातच. शेवटी पाणी लागतं तिथे क्रोम, म्हणजे साधं सीपी फिटिंग, आणि पाणी लागत नाही तिथे काळं: टॉवेलचा दांडा, हुक, आरशाची चौकट. तडजोड म्हणून केलेलं हे वाटप दिसायलाही बरं निघालं.

दिवे: खरा वेळ इथे गेला

दिव्याची जागा गिलाव्याच्या आधी ठरावी लागते, कारण वायरीचा पाइप भिंतीत जातो आणि त्याच्यावर वॉटरप्रूफिंगचा थर येतो. तरी बहुतेक घरांत दिवे सगळ्यात शेवटी घेतले जातात, आणि मग जिथे जुना पॉइंट होता तिथेच नवा दिवा लागतो.

माळ्याखाली ७ फूट ३ इंच उंची, म्हणजे २.२१ मीटर. फॉल्स सीलिंग केलं तर आणखी ४ इंच गेले असते, शिवाय त्या पोकळीत दमट हवेत ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारे छोटे डबे) खराब होतात आणि बदलायला वाट नसते. त्यामुळे छताला चिकटणारे सरफेस दिवे: दोन, प्रत्येकी १० वॉट आणि ९०० ल्युमेन, दुधी डिफ्युझरचे. एक अंघोळीच्या जागेच्या मध्यावर, दुसरा बेसिन आणि कमोडच्या मध्ये. गीझर दाराच्या बाजूला हलवल्यामुळे सावलीचा प्रश्न मिटला.

आयपी आकड्याबाबत, म्हणजे दिव्यात धूळ आणि पाणी शिरण्यापासून किती बचाव आहे हे सांगणाऱ्या आकड्याबाबत, नेमकं बोलायला हवं. विद्युत सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात बाथरूमचे झोन पाडलेले आहेत. शॉवरच्या जागेत जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत झोन १, आणि तळाशी टब किंवा ट्रे नसेल तर भिंतीतल्या पाण्याच्या तोंडापासून आडवा १.२० मीटर हाही झोन १. इथलं छतच २.२१ मीटरवर, म्हणजे अंघोळीवरचा दिवा झोन १ मध्ये पडला. किमान आयपीएक्स ४ लागतो. जेट आणि हँडशॉवरचा मारा लक्षात घेऊन आयपी ६५ घेतला. आरशाच्या उजव्या दिव्याचं अंतर मोजलं तेव्हा तोही शॉवरच्या तोंडापासून १.१ मीटरवर निघाला. आरसा सरकवायला जागा नव्हती, म्हणून आरशाचे दोन्ही दिवेही आयपी ६५ घेतले आणि सगळ्या बाथरूमच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. तो आधी घरात नव्हताच, ही जुन्या इमारतींत सर्रास आढळणारी गोष्ट.

कडेने उजळणारा आरसा का नको? तो भिंत उजळतो, चेहरा नाही. आत चिकटवलेली पट्टी किंवा ड्रायव्हर गेला की बहुतेकदा अख्खा आरसा बदलावा लागतो. डोक्यावरच्या एकाच दिव्याने डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. त्यापेक्षा आरशाच्या दोन्ही बाजूंना दीड फुटाच्या उभ्या पट्ट्या, प्रत्येकी ६ वॉट, मध्य ५ फुटांवर, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वरच्या. सीआरआय ८० च्या दिव्यात लाल छटा मंदावतात आणि गव्हाळ त्वचा मळकट दिसते; मग मेकअप जास्त लागतो आणि बाहेर उन्हात ते कळतं.

दिव्याच्या रंगावर घरात दोन पक्ष. सुनेला ३००० केल्विनचा 'हॉटेलसारखा' उबदार, आजींना पांढराच. "पिवळ्या दिव्यात आई, सगळं कसं शांत वाटतं," असं सुनेने सांगून पाहिलं. "शांत कशाला, मला पाय कुठे ठेवते ते दिसू दे," हे उत्तर आलं. त्यावर जुन्याच पट्टीच्या जागी तीन दिवस ३०००, तीन दिवस ४००० चा बल्ब लावून नवे नमुने त्याखाली ठेवले. ३००० खाली हस्तिदंती टाइल तेलकट पिवळी दिसली, ६५०० खाली हिरवट. ४००० वर एकमत झालं. छत आणि आरसा दोन्हीकडे तोच. आरशाला ४००० आणि छताला ३००० लावण्याची सूचना इलेक्ट्रिशियनकडून आली होती, पण एकाच भिंतीवर दोन रंगांचा उजेड पडला की एकाच डब्यातली टाइल दोन प्रकारची वाटते.

रात्रीचा दिवा वेगळ्या सर्किटवर: बेसिनखाली, जमिनीपासून एक फुटावर, दीड वॉटचा, २७०० केल्विन, सेन्सरचा. छताच्या दिव्यांना सेन्सर मुद्दाम दिला नाही. कमोडवर माणूस स्थिर बसला की पीआयआर (अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपणाऱ्या) सेन्सरला खोली रिकामी वाटते आणि अंधार होतो. मायक्रोवेव्ह सेन्सर हालचाल बारीक पकडतो, पण दारातून आणि पातळ भिंतीतूनही पकडतो, म्हणजे पॅसेजमधून कोणी गेलं तरी दिवा लागणार. रात्रीच्या दिव्याला पीआयआर घेतला आणि त्याचं तोंड दाराकडे केलं. गरम पाण्याकडे केलं असतं तर वाफेने उगाच चालू होत राहिला असता.

काम आणि दोन चुका

सोसायटीची परवानगी, उकरणी, पाइप, वॉटरप्रूफिंग, ४८ तास पाणी भरून ठेवण्याची चाचणी, खालच्या मजल्यावर जाऊन छत बघणं: हे सगळं नेहमीसारखं पार पडलं. बिघडलं ते दोन ठिकाणी.

पहिली चूक मापाची. इलेक्ट्रिशियनने आरशाच्या दिव्यांचे डबे 'जमिनीपासून ५ फूट' मोजून बसवले. पण त्या दिवशी जमीन उकरलेली होती. कोबा आणि लादी झाल्यावर ती तिथे साडेतीन इंच वर येणार होती, म्हणजे दिवे ४ फूट साडेआठ इंचांवर आले असते, सुनेच्या हनुवटीच्या पातळीला. गिलावा झाल्यावर, लादीवाल्या मिस्त्रीने दोरा धरला तेव्हा हे लक्षात आलं. दोन खाचा पुन्हा माराव्या लागल्या, तेवढ्या भागात वॉटरप्रूफिंगचे दोन हात पुन्हा द्यावे लागले. दीड दिवस गेला. यावर उपाय फुकट आहे: उकरणी झाल्या झाल्या चारही भिंतींवर तयार लादीच्या पातळीपासून बरोबर १ मीटरवर पाणनळीने (पातळी जुळवायच्या पाणी भरलेल्या नळीने) रेघ मारायची आणि इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मिस्त्री तिघांनी त्या रेघेवरूनच मोजायचं.

दुसरी चूक ग्राउटची. सांध्यांना व्हाइट सिमेंट न भरता एपॉक्सी ग्राउट घेतलं होतं, २ मिलिमीटर सांधा धरून जमिनीला आणि भिंतींना मिळून ४ किलो. एपॉक्सीचे रेझिन, हार्डनर आणि भुकटी हे तिन्ही भाग कालवले की हातात अर्धा ते पाऊण तास असतो, आणि एप्रिलच्या उकाड्यात त्याहून कमी. मिस्त्रीने १ किलोचा पुडा एकदम कालवला, एकट्यानेच सगळी जमीन भरली आणि मग पुसायला घेतली. भिंतीच्या सॅटिन टाइलवरून ग्राउटचा राप निघाला. जमिनीच्या रवाळ टाइलवर तो दाण्यांत बसला आणि वाळल्यावर दुधी पापुद्रा राहिला. सफाईवाल्या बाईंनी चांगुलपणाने टॉयलेट क्लीनर ओतलं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिडवर चालणारं. एपॉक्सीला त्याने काही झालं नाही, पण नहाणीच्या स्टीलच्या जाळीला दुसऱ्या दिवशी तपकिरी टिपके पडले. शेवटी एपॉक्सी काढायचं खास रसायन, नायलॉनचा ब्रश आणि दोन माणसं लावून पापुद्रा बहुतांश गेला. जाळी बदलली. खरखरीत लादीवर एपॉक्सी करताना दोन माणसं हवीत, एकाने भरत जायचं आणि दुसऱ्याने दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने कोमट पाणी आणि स्पंजने पुसत यायचं, आणि तिन्ही भाग वजनकाट्यावर मोजून पाव किलोच कालवायचं.

भिंतीच्या टाइलबाबत एक गोष्ट मात्र वेळेत सुधारली. सुनेला विटांसारखी, अर्ध्यावर अर्धी अशी मांडणी हवी होती. ३०० बाय ६०० ची टाइल भाजताना किंचित धनुष्यासारखी वाकते, मध्यभागी सगळ्यात जास्त. अर्ध्यावर मांडली की एकीचा फुगवटा दुसरीच्या कडेशी येतो आणि कड वर-खाली लागते. मग छताचा दिवा भिंतीजवळ असेल तर प्रत्येक कडेची सावली पडते. मांडणी सरळ एकाखाली एक केली, आणि छताचे दिवे जवळच्या भिंतीपासून सव्वा फुटावर घेतले.

निकाल

सहा महिन्यांनी त्याच मोबाइलवर, त्याच ॲपने, अंघोळीच्या कोपऱ्यातला आकडा २४० च्या आसपास आला. आरशासमोर चेहऱ्याच्या पातळीला साडेचारशे. आजी रात्री मोठा दिवा लावत नाहीत. ओल्या जागी लादी एक छटा गडद दिसते आणि चमक परत येत नाही, त्यामुळे पाणी कुठे आहे ते दारातूनच कळतं. दिव्यांचा एकूण खर्च लादीच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी झाला.

तक्रारीही आहेत. रवाळ लादी आठवड्यातून एकदा ब्रशने घासावी लागते, नुसत्या फडक्याने भागत नाही. सॅटिन भिंतीवर तेलकट हातांचे ठसे दिसतात, विशेषतः आधार-दांड्याच्या भोवती. आणि मे महिन्यात रात्रीच्या दिव्याचा सेन्सर आळसावतो: भिंती तापून अंगाच्या तापमानाजवळ आल्या की पीआयआरला माणूस आणि भिंत यांतला फरक कमी जाणवतो. तेवढे दिवस तो दिवा साध्या बटणाने चालू ठेवतात. दीड वॉट आहे, चालतं.

काय वेगळं करता आलं असतं

रात्रीच्या दिव्याला सुरुवातीलाच 'सेन्सर / कायम चालू' असा दोन-स्थितींचा स्विच द्यायला हवा होता. उन्हाळ्यात सेन्सरला वळसा घालायला इलेक्ट्रिशियनला पुन्हा बोलवावं लागलं. दारात रात्री जिथून पाऊल आत पडतं तिथे, पॅसेजच्या बाजूने, आणखी एक तसाच दिवा हवा होता; आता त्यासाठी गिलावा फोडायला लागेल म्हणून तिथे प्लगचा दिवा लावून भागवलं आहे.

गडद पट्ट्याचा विचार अंघोळीच्या टोकालाही व्हायला हवा होता. शॉवरच्या भिंतीवरचा क्रोमचा मिक्सर हस्तिदंतीवर आजींना चटकन सापडत नाही, गरम कुठलं आणि गार कुठलं ते हाताने चाचपावं लागतं. तूर्त गरमच्या बाजूला लाल टेपची पट्टी आहे. टाइल उरल्या होत्या, दोन गडद लावल्या असत्या तर काम झालं असतं.

उरलेल्या हस्तिदंती आठ आणि काही गडद टाइल माळ्यावर आहेत, डब्याचं शेड नंबराचं झाकण फाडून त्यांच्याबरोबर गुंडाळलेलं. टाइल लागण्याआधी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी टेकवून काढलेले फोटो सुनेच्या मोबाइलमध्ये आहेत. टॉवेलचा दांडा नंतर चार इंच सरकवायचा झाला तेव्हा ड्रिल मारायच्या आधी तेच फोटो उघडले गेले. गरम पाण्याचा पाइप नव्या खुणेपासून दोन बोटांवर होता.